लाल दोऱ्याचा टोमॅटो

टोमॅटो पिकवणारे जगात पुष्कळ आहेत. टोमॅटोचं बाळंतपण करणारा माणूस एकच, आणि तो पारनेरला राहतो. माझ्या बायकोचे मामा. एसटीत ड्रायव्हर होते, आता परसात पाच वाफे सांभाळतात. त्यांच्या आईच्या वेळचं बी. फळ वाडग्याएवढं, घड्याघड्यांचं, एकात चौघांची कोशिंबीर व्हावी असं. बाजारच्या टोमॅटोला ते चेंडू म्हणतात. पेरलेल्या ट्रेवर मामींची शाल पांघरतात आणि कोंब दिसला की पहाटे आम्हाला नगरला फोन करतात, "पाव्हणं, मान काढली." एकदा पहिलं फळ आम्हाला दाखवायला ते कुंचीत गुंडाळून एसटीनं घेऊन आले. कंडक्टरनं विचारलं, "लेकरू केवढं हाय?" "दोन म्हैन्याचं," मामा म्हणाले, "पर रडत न्हाई."

सगळ्यात मोठ्या फळाच्या देठाला ते लाल दोरा बांधतात. ते खायचं नाही, बियाण्याला ठेवायचं. हे मला ठाऊक नव्हतं, आणि इथेच माझं पाप सुरू होतं. त्या वर्षी बाटलीतलं होतं नव्हतं ते सगळं बी पेरलेलं, करपा रोगानं झाडं गेलेली, आणि उरलेल्या एका झाडावर एकच फळ. मामा-मामी शेवगावला लग्नाला गेले होते, घर माझ्यावर सोपवून. मला वाटलं, दोरा नजर लागू नये म्हणून असेल. मी फळ तोडलं, विळीवर सोलून चिरलं, दाण्याचं कूट घालून कोशिंबीर केली, भाकरीशी खाल्ली आणि विळी-ताट मोरीत धुतलं. इतकी चविष्ट कोशिंबीर मी जन्मात खाल्ली नव्हती, हेही कबूल करतो.

मामा आले ते थेट परसात गेले. परतले तेव्हा चेहरा उतरलेला. दोरा कशासाठी ते मामींनी तेव्हा सांगितलं. मी म्हणालो, "माकडांनी नेला असेल." मामा रोज माकडांना शिळी भाकरी टाकायचे, ती त्या दिवसापासून बंद झाली. नगरला घास तोडताना मला ती उपाशी माकडं दिसायची.

महिन्याभरानं राहवेना. पारनेरला जाऊन सगळं सांगून टाकलं. मामा मला हाताला धरून मोरीमागे घेऊन गेले. सांडपाण्याच्या ओलीवर टोमॅटोची सात रोपं डोलत होती. मी चक्क उड्या मारल्या.

"माकडं काय विळी घिऊन येत्यात व्हय?" मामा म्हणाले. "साल मोरीत घावली तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"जावयाला काय बोलायचं. म्हनलं, कबूल करंल तवा दावू."

"आणि माकडं?"

"तुमाला टोचावं म्हनून बंद केली. त्यांना आता तुमी भाकरी टाका."

टाकली.

आता मामांचे गुडघे वाकत नाहीत. बियांची बाटली त्यांनी माझ्या हातात दिली, तेव्हा मी ती नगरपर्यंत मांडीवर धरून आणली. यंदा माझ्या गच्चीवर फळ धरलं. लाल दोरा बांधून फोटो पाठवला, तर पाचव्या मिनिटाला फोन.

"दोरा सैल करा, पाव्हणं. अजून भरायचाय त्यो. आन् बी काढायला मला न्यायला या. गुडघं गेलं, हात हायेत."

दोरा सैल करून आलोय. रोज सकाळी फळ बघतो, किती भरलं ते विचारायला मामांचा फोन येतो, आणि ते जरा सावकाशच पिकावं असं वाटतं.