अब्बांचा भुरका

वीस वर्षं रोज घरी चहा करत असूनही मी चहा शिकायला क्लास लावला.

क्लास दुबईत, जुमेरा लेक टॉवर्समध्ये, एका जपानी बाईंच्या फ्लॅटवर. त्यांना ‘सेन्सेई’ म्हणायचं, म्हणजे गुरू. हिरवी पूड, गरम पाणी आणि ताकाच्या रवीचं पिल्लू वाटावं असा बांबूचा ब्रश. तेवढ्यासाठी तासभर गुडघ्यांवर बसायचं! पहिला धडा ‘पाहुण्यानं कसं वागावं’ हा होता. तो मी सरळ बुडवला. (आम्ही रत्नागिरीची माणसं. शारजात रोल्लातल्या आमच्या घरात कायम कुणीतरी उतरलेलं असतं. मला पाहुणेपण कोण शिकवणार?)

परीक्षेला प्रत्येकीनं आपला पाहुणा आणायचा होता. पास झाले तर जपानी मंडळींच्या कार्यक्रमात चहा करायची संधी होती, आणि ते मी अख्ख्या बिल्डिंगला आधीच सांगून बसले होते! नवरा ऐनवेळी साइटवर अडकला. उरले सासरे.

अब्बा गावाहून नुकतेच आलेले. माणूस सोन्यासारखा, पण दोन खोडी. एक, बशीतल्या चहाचा असा भुरका मारायचे की शेजारचा मल्याळी दार उघडून बघायचा. दुसरी, प्रश्न! लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाचं गाव, पगार आणि मुलंबाळं वर पोचेपर्यंत त्यांना ठाऊक.

“अब्बा, तिथे भुरका मारायचा नाही.”

“मग चहा पोटात जाणार कसा?”

“आणि काही विचारायचं नाही!”

“का गो? जपानी लोक रागावतात?”

“अब्बा!”

“खलास. तोंड बंद.”

“दादा, नो स्लर्पिंग, प्रॉमिस?” माझ्या लेकीनंही आजोबांना बजावलं.

परीक्षेत फेस सुरेख आला. अब्बा इतका बिनआवाजी चहा प्यायले की मला अभिमानच वाटला. शेवटचा घोट ओढताना आवाज होईल, म्हणून तो त्यांनी तसाच ठेवला आणि वाडगा हातात धरून बसले. सेन्सेई त्यांच्याकडे बघत राहिल्या. अब्बा माझ्याकडे. मी सेन्सेईंकडे. अब्बांना नमाजाची सवय, ते गुडघ्यांवर निवांत. माझे पाय मात्र आहेत की गेले तेच कळेना.

शेवटी अब्बांना राहवेना. “बेटा, माफ कर,” म्हणाले आणि उरलेला घोट ओढला. फुर्रर्र! वरून, वाडग्याची तडक जिथे सोन्यानं सांधली होती तिकडे बोट दाखवून थेट सेन्सेईंना सवाल, “मॅडम, ये टूटा कैसे? जोडा किसने?”

मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा सेन्सेई अब्बांसमोर जमिनीपर्यंत वाकल्या होत्या! त्यांची रीतच अशी: शेवटचा घोट आवाज करून प्यायचा, म्हणजे चहा संपल्याचं कळतं. मग वाडग्याची चौकशी करायची. हे दोन्ही पाहुण्याचं कामच. तोवर सगळे खोळंबून.

“हे पहिल्या धड्यात होतं,” त्या मला एवढंच म्हणाल्या.

मी नापास. कार्यक्रमाला आमच्या घरातून एकाच माणसाला बोलावणं आलं, अब्बांना. मुख्य पाहुणा म्हणून! त्यांना गाडीनं सोडायला मी गेले.

आता रोज सकाळी अब्बा माझ्यापुढे बशी सरकवतात. “जमेल गो, इन्शाल्ला. मार भुरका.” मी मन लावून शिकतेय. परवा शेजारच्या मल्याळ्यानं पहिल्यांदाच माझ्यासाठी दार उघडलं.