लाकडी पारव्याची पाठ

आधीच सांगून ठेवतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या आहेत आणि त्या नुसत्या शोभेला नाहीत. भूत, भानामती, करणी, मुंजा... माझे वडील म्हणायचे, ज्याला काम नसतं त्यालाच हे सगळं दिसतं. या ग्रुपवर कोणी पांढऱ्या साडीतली बाई टाकली की खाली "डोळे तपासून घ्या" अशी कमेंट करणारा तो मीच. त्यामुळे आता स्वतःचंच लिहिताना मला लाज वाटतेय की राग येतोय, माझं मलाच कळत नाही. बायको म्हणाली, "लिहून टाका एकदा, म्हणजे माझं डोकं खायचं थांबवाल." म्हणून लिहितोय.

मी मूळचा उदगीरकडचा. अकरा वर्षं झाली बहरीनला, पेस्ट कंट्रोलमध्ये. झिंज भागात दोन खोल्यांचा फ्लॅट, बायको रंजना आणि मुलगी. मुलगी तेव्हा दहावीत होती. झुरळं, उंदीर, वाळवी हे रोजचं काम. पण माझी खासियत म्हणजे पक्षी. पारवे आणि साळुंक्या. गोदामांच्या छपरावर हे पारवे शेकड्यांनी बसतात, विष्ठा करतात, ती हवेच्या झरोक्यातून खाली धान्यावर पडते. आधी जाळ्या लावायच्या, मग खिळ्यांच्या पट्ट्या. तरी जे पक्के बेरकी उरतात, त्यांच्यासाठी एअरगन. कंपनीच्या नावावर परवानगी, बंदूक कुलपात, सह्यांचे छप्पन्न कागद.

रंजनाचं यावरून रोजचं आहे. "संध्याकाळी पंचशील म्हणायचं आणि सकाळी उठून पाखरं मारायची. शोभतं का?" अगं बाई, पोट आहे! मुलीची फी काय पारवे भरणार आहेत का?

हे काम मला शिकवलं ग्रॅहम साहेबांनी. इंग्लंडच्या खेड्यातला माणूस. तिकडे म्हणे पारवे वाटाण्याचं अख्खं शेत आठवड्यात साफ करतात, म्हणून शेतकरी स्वतःच बंदूकवाल्यांना बोलावतात. पारवे, कावळे, ससे, खारी, साहेबांनी लहानपणापासून तेच केलेलं. त्यांची पद्धत अशी: डिकॉय, म्हणजे खोटे पारवे, अर्धगोल मांडायचे. सगळ्यांची चोच वाऱ्याकडे. आपण वाऱ्याकडे पाठ करून आडोशाला बसायचं. म्हणजे झालं काय, सगळे खोटे पारवे आपल्याकडे तोंड करून बसतात, आणि खरे पारवे त्यांना बघून उतरतात. एक जरी खोटा पारवा उलटा बसला तरी खरे लगेच ओळखतात आणि छू होतात. अन् दुसरा नियम, साहेबांनी माझ्या डोक्यात हातोडीने ठोकलेला: पक्ष्याच्या मागे काय आहे ते माहीत असल्याशिवाय ट्रिगरला बोट लावायचं नाही.

साहेब रिटायर होऊन गेले तेव्हा सगळं सामान माझ्या हवाली केलं. अकरा प्लास्टिकचे डिकॉय आणि एक लाकडी. लाकडी त्यांच्या वडिलांनी हाताने कोरलेला, तळाशी शिसं भरलेलं, हातात घेतला तर पाट्याचा वरवंटाच. "हा नेहमी मध्ये ठेवायचा," एवढंच म्हणाले. ठेवत होतो. चार वर्षं ठेवला, त्याने कधी काही केलं नाही. लाकडाने काय करायचं असतं?

आता मुद्द्यावर येतो. सित्राला एक तांदूळ-डाळीचं गोदाम आहे, नाव सांगत नाही. तिथे पुढच्या आठवड्यात तपासणी होती. गोदामाचा मॅनेजर म्हणजे एक नंबरचा तापट माणूस. छपरावर एक पारवा दिसला तरी तुमचं कंत्राट खलास, म्हणाला. आमच्या कंपनीच्या साहेबाने मला बाजूला घेऊन सांगितलं, हे कंत्राट गेलं तर पक्ष्यांचं काम करणारा माणूस आपल्याला लागणार नाही. म्हणजे माझा व्हिसा. म्हणजे मुलीची दहावी, ऐन वर्षाच्या मध्यात. घरी मी बोललो नव्हतो. पण रंजनाला काही सांगावं लागत नाही, तिने आठवडाभर पारव्यांवरून टोमणा मारला नाही यावरूनच मी समजलो.

शुक्रवार. गोदाम बंद. सप्टेंबर महिना, पहाटेच शर्ट अंगाला चिकटलेला. साडेपाचला मी छपरावर. जिन्याचं दार माझ्या बाजूने कडी लावून बंद केलं, खाली बोर्ड लावला. छपराला दुसरीकडून चढायला एक लोखंडी शिडी आहे, एसीच्या मशिनरीकडची, पण तिला कुलूप असतं असं कागदावर लिहिलेलं होतं. कागदावर!

छपराच्या दक्षिणेला एसीची मशीनं, त्यांच्यापुढे सावलीसाठी हिरवी जाळी. त्या जाळीच्या मागच्या बाजूने मीच जाडजूड काळे रबरी पत्रे टांगले होते, चुकलेला छर्रा अडावा म्हणून. मी उत्तरेच्या कठड्याशी, मागून वारा. मध्ये बारा पारवे मांडले, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. आडोशात जाऊन बसलो, थर्मासमधला चहा ओतला आणि बघतो तर...

लाकडी पारवा पाठ करून बसलेला.

वाटलं, मीच उलटा ठेवला असेल. उठलो, तीस पावलं चालत गेलो, सरळ केला, परत आलो. पाच-सात मिनिटांत सहा पारव्यांचा थवा आला, घिरटी घातली, खाली झुकला आणि एकदम फडफडून सित्राच्या तेलाच्या टाक्यांकडे गेला. दुर्बिणीतून बघतो तर मधल्या लाकडी साहेबांची पुन्हा माझ्याकडे पाठ!

आता मला सांगा, प्लास्टिकचे अकरा बारक्या दांड्यांवर ठेवलेले, फुंकर मारली तरी फिरतील. ते जागच्या जागी. आणि हा दोन-अडीच किलोचा ठोकळा सपाट बुडावर बसलेला, तो फिरतोय. डोकं फिरलं माझं. पुन्हा गेलो. या वेळी खिशातला मार्कर काढला आणि त्याच्या बुडाभोवती छपरावर रेघ मारली, चोचीसमोर बाण काढला. "आता हलून दाखव," म्हणालो. मोठ्याने. एकटा माणूस, छपरावर, लाकडाशी बोलतोय. घाम पुसत परत आलो.

सात वाजत आले. ऊन चढलं की पारवे सावलीला जातात, मग दिवस वाया. आणि तेवढ्यात एक आला. त्या छपरावरचा सगळ्यात जुना नर, गळ्याला हिरवी झाक, दोन महिने मला चकवत होता. तो उतरला तो थेट लाकडी पारव्याच्या शेजारी. असा नेम आयुष्यात मिळत नाही. बंदूक टेकवली, तिच्यावरच्या दुर्बिणीत डोळा घातला, मागे काळं दिसतंय, म्हणजे रबर आहे, बोट ट्रिगरवर गेलं...

आणि दुर्बिणीत त्या खऱ्या पारव्याला लागून लाकडी पाठ. तिसऱ्यांदा. बाणाकडे शेपूट.

मी घाबरलो वगैरे नाही हं. खरं सांगतो, मला एवढा संताप आला की समोरचा नेम सोडून मी ताडकन उठलो. खरा पारवा उडाला. जाऊ दे मेला! त्या लाकडाला उचलून खाली रस्त्यावर फेकायचं असं ठरवूनच बंदुकीसकट निघालो. व्हिसा इथे टांगणीला लागलाय आणि हा ठोकळा माझी चेष्टा करतोय!

वाकून त्याला उचलला, आणि झांजांचा आवाज आला.

बारीक, मोबाइलमधून येतो तसा. मान वर केली. लाकडी पारवा ज्या दिशेला बघत बसला होता, बरोबर त्याच दिशेला, रबराच्या रांगेत एका पत्र्याची जागा रिकामी होती. तिथे नुसती हिरवी जाळी, सावलीत काळी दिसणारी. आणि जाळीला जवळजवळ नाक लावून एक माणूस बसलेला. हात जोडलेले. डोळे मिटलेले.

सहदेव. एसीचा मेकॅनिक, कुडाळकडचा. खाली चिलरच्या, म्हणजे गारव्याच्या यंत्राच्या, खोलीत ड्युटीवर होता. माझ्याबरोबर सित्राच्या कॅन्टीनमध्ये रोज जेवायला बसणारा.

"तू इथे काय करतोयस रे!" मी ओरडलो, की किंचाळलो म्हणा. धावत जाऊन कोपराने जाळी हलवली. त्याच्या मांडीवरचा मोबाइल घसरून खाली पडला.

"आवशीक खाव्!" तो मागे कोलमडला. मग माझ्या हातातली बंदूक बघून पांढरा पडला. "रागावू नको रे. माका रजा गावली नाय. घराकडे आरती चालू हा. खाली चिलरात नेटवर्क नाय... पाचच मिनटां."

"आणि हे रबर?"

त्याने खाली बघितलं. त्यावरच बसला होता. "छप्पर तापलेला. पाय भाजतत म्हणान घेतलंय."

म्हणजे बघा! शिडीचं कुलूप कोणी लावलंच नव्हतं. जिन्याचा बोर्ड याने बघितलाच नाही, कारण हा जिन्याने आलाच नाही. आणि छर्रा अडवायला मी टांगलेलं रबर याने आरतीला आसन म्हणून घेतलं. कोकणी माणूस गणपतीसाठी काय करील याचा नेम नाही, हे मी ऐकून होतो. पण माझा नेम बरोबर त्याच्या डोळ्यावर होता, ते त्याला कुठे ठाऊक!

मी त्याला शिव्या घालायला तोंड उघडलं आणि तिथेच तापलेल्या छपरावर फतकल मारून बसलो. चटके बसत होते ते नंतर कळलं.

जाळीपलीकडे मोबाइल अजून चालूच होता. त्यातून एक म्हातारा आवाज आला, "कोण रे तो? कोण बोंबलता?"

"माझो मित्र गे आये," सहदेव म्हणाला.

"मगे तेका पण दाखव की आरती."

त्याने मोबाइल जाळीला लावला. पाटावर गणपती, समोर एक म्हातारी, हातातलं आरतीचं ताट कॅमेऱ्याच्या इतकं जवळ आणलेलं की नुसता पिवळा उजेड दिसत होता. मी हात जोडत नाही. त्या दिवशीही जोडले नाहीत. एका हातात बंदूक होती आणि दुसऱ्या हातात तो लाकडी पारवा. पण म्हातारी म्हणाली, "बरो रव्, झिला," म्हणजे बरा राहा, पोरा, तेव्हा मला रडू आलं. उगाच लपवत नाही.

सहदेवचं नाव मी कुठेही घेतलं नाही. मॅनेजरला एवढंच सांगितलं की शिडीला कुलूप लागल्याशिवाय मी बंदूक उचलणार नाही. तो माझ्यावर अर्धा तास ओरडला. ओरड म्हटलं. घरी येऊन रंजनाला सगळं सांगितलं, म्हटलं व्हिसा गेला तर गेला. तिने ताटात भाकरी वाढली आणि शेजारी बसून राहिली. मुलगी म्हणाली, "पप्पा, इट्स ओके." मी म्हटलं, मराठीत बोल. तर म्हणाली, "ओके, पप्पा."

दोन दिवसांनी कुलूप लागलं, उरलेल्या दिवसांत जमेल तेवढं काम उरकलं. आणि तपासणीचं काय झालं म्हणता? तपासायला आलेल्या बाईंनी छपरावर पाऊलसुद्धा टाकलं नाही. ऊन फार आहे म्हणून! बोला आता!

त्या शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर मी ग्रॅहम साहेबांना फोन केला होता. चिडूनच केला. म्हटलं, तुमचा तो पारवा जागेवर बसत नाही. ते हसले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "कुठल्या दिशेला बघत होता?" मी सांगितलं. मग झालेलं सगळं सांगितलं. तेव्हा म्हणाले, "माझे वडील प्रत्येक गोळीआधी उठून पक्ष्यांच्या मागे जाऊन बघून यायचे. प्रत्येक गोळीआधी. तोवर पक्षी उडून जायचे. आम्ही भाऊ फार वैतागायचो त्यांच्यावर."

बस. एवढंच. मला वाटलं होतं, ते काहीतरी यांत्रिक कारण सांगतील.

माझा मेहुणा इंजिनियर आहे. त्याचं म्हणणं, दमटपणाने लाकूड फुगलं असेल. अरे, फुगलेलं लाकूड तीन वेळा अर्धी गिरकी घेतं होय? आणखी कोणी म्हणालं, वारा. मग प्लास्टिकचे का नाही फिरले? सहदेवने फिरवला म्हणावं तर तो जाळीपलीकडे, जाळी चारी बाजूंनी तारेने बांधलेली आणि मध्ये उघडं छप्पर. मी स्वतः नंतर महिनाभर त्याच जागी तो ठेवला, रेघ मारून, बाण काढून. एक सूतभर हलला नाही. नेहमी माझ्याकडे तोंड करून गप बसलेला. मी त्याला विचारूनही बघितलं. हसा खुशाल.

आता मी प्रत्येक गोळीआधी उठून मागे जाऊन बघून येतो. कामाला दुप्पट वेळ लागतो, आमचा साहेब वैतागतो. वैतागू दे.

या वर्षी सहदेवला रजा मिळाली. गणपतीत सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला, मी सित्राच्या बसमध्ये होतो. आधी पिवळा उजेड, मग म्हातारीचा आवाज, "तो बंदूकवालो खय आसा?" मग ताट बाजूला झालं आणि सहदेवचं तोंड स्क्रीनभर आलं. धुराने डोळे चुरचुरत होते त्याचे. दोन्ही.