हिरवी वायर कोणती?

वाघाडे साहेबांचं टेबल मी तिसऱ्यांदा भिंतीकडे सरकवलं, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, “केबल तोकडी होऊन राह्यली, का माझी केबिन?”

मी म्हणालो, “सर, नेटवर्क कार्डात प्रॉब्लेम दिसतो.”

हे साफ खोटं होतं. कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या मागे जिथे केबल खुपसतात तो भाग. तो मी तासाभरापूर्वीच काढून नवा बसवला होता. जुना चांगला होता, नवाही चांगला होता. बिघाड माझ्या डोळ्यांत होता.

सिंदेवाहीच्या एका शेतकरी सहकारी सोसायटीत सहा कॉम्प्युटर जोडायचे होते. पाच माझा जोडीदार सचिनने आदल्या दिवशी जोडले. सहावा तिथले मॅनेजर वाघाडे साहेब यांचा. सगळ्या केबल जिथे एकत्र येतात त्या रॅककडचं त्याचं टोक सचिनने केलं होतं, फक्त टेबलाकडचं राहिलं होतं. दहा मिनिटांचं काम, म्हणून आमचे मालक दिनेशभाऊ यांनी त्याला गडचांदूरला पाठवलं आणि मला एकट्याला इथे. दुसऱ्या दिवशी सकाळी धानखरेदीची ऑनलाइन नोंदणी सुरू होणार होती. शेतकऱ्यांचे अर्ज मंजूर करायचं लॉगिन साहेबांच्याच कॉम्प्युटरवर होतं.

नेटवर्कच्या केबलमध्ये आठ बारीक वायरी असतात, चार जोड्यांत पिळलेल्या. नारंगी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीची एक पांढरी पट्टेवाली जोडीदारीण. त्या ठरलेल्या क्रमाने लावून प्लास्टिकच्या पारदर्शक कनेक्टरमध्ये घालायच्या आणि क्रिंपिंग टूलने दाबायच्या. एकदा दाबलेला कनेक्टर उघडत नाही. चुकलं तर मुंडकं कापून फेकायचं, म्हणजे दर चुकीला केबल दोन बोटं कमी.

मला निळी नक्की कळते. बाकी तीन जोड्या माझ्यासाठी सारख्याच मळकट. रेल्वेभरतीच्या मेडिकलमध्ये ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं तेव्हा हे पहिल्यांदा कळलं. घरी मी सांगितलं की जागा भरल्या. दिनेशभाऊंना काहीच सांगितलं नाही. क्रिंपिंग नेहमी सचिन करायचा. मी केबल ओढायचो, भिंतीला भोकं पाडायचो, सेटिंग करायचो. सहा वर्षं असंच निभावलं.

त्या दिवशी मी चिठ्ठ्या टाकल्यासारखं क्रिंपिंग करत होतो. टेस्टर नावाचं एक छोटं यंत्र असतं, केबल बरोबर असेल तर त्यावरचे दिवे एक ते आठ ओळीने पेटतात. माझे एक, तीन, सात असे उड्या मारत होते. चौथ्या मुंडक्यानंतर केबल टेबलाच्या कडेला जेमतेम टेकली. साहेबांच्या खुर्चीची पाठ कपाटाला लागली होती. ते उठून बाहेर ओसरीत जाऊन बसले.

शेवंताबाई तिथल्या शिपाई. झाडू मारता मारता त्यांनी कापलेली मुंडकी गोळा केली आणि उजेडात धरून पाहिली.

“भाऊ, ह्या चारीत रंग येगयेगळे लागले. बराबर कोणतं हाय?”

मी म्हणालो, सगळी जवळपास सारखीच आहेत. त्यांनी मुंडक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुमाले रंग दिसत नाई का?”

चहा घेता का, अशा सुरात विचारलं. हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, म्हणून त्याचं खोटं उत्तरही तयार नव्हतं. मी म्हणालो, “नाही दिसत.”

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि खाली बसल्या. मी क्रम सांगायचा, त्या वायर बोटाने वेगळी करून द्यायच्या. तपकिरीला त्या कत्थी म्हणायच्या. एकदा मी घाईत हात पुढे केला तर त्यांनी हळूच बाजूला सारला. टूल दाबलं. टेस्टरवर दिवे एक ते आठ सरळ चालत गेले. केबल लावली, कार्डावरचा दिवा लुकलुकला, लॉगिन उघडलं. साहेब आत आले, स्क्रीन पाहिली आणि म्हणाले की केबिन आता मोठी वाटते, दाराकडची जागा मोकळी झाली.

चंद्रपूरला परत आल्यावर दिनेशभाऊंना मीच सगळं सांगितलं. नोकरी जाईल असं धरूनच गेलो होतो. त्यांनी हातातलं क्रिंपिंग टूल एकदा उघडलं, मिटलं.

“सहा वर्षं काऊन नाई सांगितलं?”

“काढून टाकाल म्हणून.”

“मंग आता काढतो ना,” ते म्हणाले. “क्रिंपिंगमधून.”

तेवढ्यावर विषय संपला. तरी एकट्याने जायची वेळ येतेच. मग साइटवर पोचलो की आधी विचारतो, इथे रंग चांगले कुणाला ओळखता येतात? कुणी हसत नाही. उलट दोघं-तिघं पुढे येतात. पोंभुर्ण्याच्या एका ऑफिसात तर वायर नारंगी की भगवी यावर दोन क्लार्क असे भांडले की मला मध्ये पडावं लागलं. माझ्यासमोर दोन्ही बाजू समान होत्या.

या धंद्यात नवीन आलेल्यांना मी एकच सांगतो. केबल मोजताना हातभर जास्त सोडा. माणूस चुकतो, आणि चूक कबूल करायच्या आधी चार वेळा कापतो.