लोकाचा राक्षस

नांदेडहून लातूरला जाताना रस्त्यात जेवढे गतिरोधक लागले, ते सगळे मी त्या दिवशी पाया पडल्यासारखे ओलांडले. मागच्या सीटवर आमची लेक मांडीवर पेटी घेऊन बसली होती आणि पेटीत तिचं सैन्य होतं. बोटाच्या पेराएवढे शिपाई, घोडेस्वार, तिरंदाज. प्रत्येकाचं चिलखत, मिशी, कमरेचा पट्टा तिनं स्वतः बारीक ब्रशनं रंगवलेला. अहमदपूरच्या अलीकडं उसानं भरलेला एक ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला. जाताना ड्रायव्हरनं गाडीत कुणी पेशंट आहे का म्हणून वाकून बघितलं.

"पप्पा, स्पर्धा आज आहे. उद्या नाही."

"तूच म्हणालीस ना, सोंगट्यांना धक्का लागू देऊ नका म्हणून?"

"सोंगट्या नाहीत त्या! मिनिएचर म्हणा."

मी म्हणालो, बरं. तोंडात सोंगट्याच राहिल्या.

तर लातूरला या चिमुकल्या शिपायांच्या लढाईची स्पर्धा होती. टेबलावर डोंगर-झाडी मांडायची, टेपनं मोजून आपले शिपाई पुढं सरकवायचे, फासे टाकायचे आणि समोरच्याचे मारायचे. शेवटी मधली टेकडी ज्याच्या ताब्यात, तो जिंकला. मला एवढंच समजलं होतं आणि ड्रायव्हरला एवढं पुष्कळ झालं.

लेकीला हा नाद कॉलेजात लागला. आधी ती पुण्याला खेळून आली, मग हैदराबादला. दोन्हीकडं एकसुद्धा डाव जिंकली नाही. तेव्हापासून मोबाइलवरच्या त्यांच्या ग्रुपमध्ये तिचं नाव पडलं 'शुभेच्छुक'. चौकातल्या फ्लेक्सवर खालच्या ओळीत दाटीवाटीनं उभे असतात ना, ते. प्रत्येक कार्यक्रमाला हजर, निवडून कधीच नाही. घरी आम्हाला सांगताना ती स्वतःच हसली होती. पण रंगवताना आईला म्हणाली, "बक्षीस गेलं खड्ड्यात. एक डाव, आई. एक तरी."

लातुरात हॉल म्हणजे एक मंगल कार्यालयच होतं. आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची तोरणं तशीच लटकत होती आणि 'वधूपक्ष' लिहिलेल्या खोलीत चपला काढायच्या होत्या. टेबलांवर हिरवी सतरंजी, पुठ्ठ्याचे डोंगर आणि तुराट्यांचे बारीक तुकडे रोवून केलेलं जंगल. तूर निघाल्यावर राहिलेल्या काड्यांचं एवढं सोनं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी कोपऱ्यातली खुर्ची धरली, पेपर उघडला आणि तेवढ्यात आयोजक समोर येऊन उभा राहिला. गळ्यात शिट्टी, हातात टेप, चेहरा मुलीच्या बापासारखा.

"काका, एक अडचण आहे. सोलापूरचा गडी आला नाही. एक जण कमी पडतोय. तुम्ही बसता का?"

"मी? अहो, मला यातलं काही येत नाही."

"येत नसलं तरी चालतंय. नुसतं बसायचं. सैन्य माझं देतो."

पत्त्यांना चौथा गडी मिळेना की शेजाऱ्याला झोपेतून उठवतात, तसा मी उठलो. आयोजकानं स्वतःची पेटी उघडली. आत शिपाई होतेच, पण मधोमध एक वीतभर उंचीचा राक्षस होता. निळसर कातडी, गळ्यात कवट्यांची माळ, खांद्यावर गदा. डोळ्यांतल्या लाल शिरासुद्धा रंगवलेल्या.

"हा तुमचा हुकमाचा एक्का," आयोजक म्हणाला. "फक्त जरा जपा. हात एकदा तुटला होता, मीच चिकटवलाय."

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

माझा पहिला डाव उदगीरच्या एका पोराशी पडला. पोरगा म्हणजे नोकरीला लागलेला, दाढीवाला, पण मला सगळी पोरंच. मी एक शिपाई उचलून कुठं ठेवावा या विचारात असताना तो म्हणाला, "काका, काय करलालाव? त्यो माझाय."

"माफ करा."

"असू द्या. मी आता तुमचे घोडे मारलालो बरं का, राग धरू नका." आणि मारले. मग म्हणाला, "काका, तुमचा राक्षस का बसून राहिलाय? पाहुणा हाय का त्यो?"

"राहू दे," मी म्हणालो. "तो तिथंच बरा आहे."

मी हरलो. दुसऱ्या डावातही हरलो. तो इतक्या लवकर संपला की समोरच्याला चहा पिऊन यायला वेळ मिळाला.

जेवणाच्या सुट्टीत मी बायकोनं दिलेली धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी बाहेर काढली. लेक नुसती धपाट्याचे तुकडे करत होती. तीही दोन्ही डाव हरली होती. दुसरा तर अगदी शेवटच्या फाशावर.

"एक राहिलाय ना अजून?" मी म्हणालो. "कुणाशी आहे?"

तिनं भिंतीवरच्या फळ्याकडं बोट केलं. हरलेल्यांची गाठ हरलेल्यांशी, असा नियम होता. सगळ्यात खालच्या टेबलावर तिचं नाव होतं आणि समोर लिहिलं होतं, 'काका'.

आता इथं सांगायला हवं. ती लहान असताना आम्ही बदाम सात खेळायचो आणि मी लागणारी पानं दाबून ठेवून हरायचो. ती टाळ्या पिटायची, मला बरं वाटायचं. शाळेत असतानाच एकदा तिनं माझ्या मांडीखालून पान ओढून काढलं. त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्या हरण्याला काडीची किंमत नाही.

"पप्पा, माझ्या गळ्याची शपथ. मुद्दाम हरायचं नाही."

"अगं, मला जिंकायलाच येत नाही, तर मुद्दाम हरायची गरज कुठंय?"

"बघा, आत्तापासूनच सुरू झालं तुमचं."

मी शपथ घेतली. घेतली म्हणजे खरोखर घेतली. बाह्या वर केल्या, चष्मा पुसला आणि बसलो. फासेही असे वेडे, की सकाळभर रुसलेले माझ्या बाजूनं पडायला लागले. मी तिचे तिरंदाज उडवले. तुराट्यांच्या जंगलातून घोडेस्वार काढून तिच्या बगलेवर घातले. लेक चिडून लाल झाली आणि तिला इतकं खुशीत मी सकाळपासून पाहिलं नव्हतं. "घ्या! या!" असं ती फासे टाकताना ओरडायला लागली. आजूबाजूचे दोघे-चौघे खुर्च्या ओढून आले. मधल्या टेकडीवर माझे तीन शिपाई, तिचे चार. शिट्टी वाजली. ती जिंकली.

उदगीरच्या पोरानं टाळी वाजवली. लेकीनं दोन्ही हात वर केले आणि तसेच हवेत थांबवले. नजर टेबलाच्या माझ्या काठाकडं होती. तिथं, पहिल्या चालीपासून जागचा न हललेला राक्षस गदा घेऊन उभा होता.

"पप्पा." हात खाली आले. "हा पुढं आणला असता तर टेकडी तुमची होती."

"हो का?"

"हो का काय? शेवटच्या चालीत सरळ पोचत होता. तुम्ही शपथ मोडली."

"नाही गं, देवाशप्पथ..."

"मग का नाही आणला?"

सगळे माझ्याकडं बघत होते. आयोजकही. खरं कारण त्याच्यासमोर सांगायचं जिवावर आलं, पण लेकीच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं.

"अगं, लोकाची वस्तू," मी म्हणालो. "हात चिकटवलेला. कुठं पडला-बिडला असता म्हणजे?"

मग उदगीरकर म्हणाला, "हाव ताई. माझ्याशीबी न्हाई काढला यांनी. मी ईचारलं बी."

लेकीनं मोबाइल काढला आणि आईला लावला, स्पीकरवर.

"आई, मी पप्पांना हरवलं."

"बदाम सातात?"

"इथं, स्पर्धेत. पण त्यांनी सगळ्यात भारी मिनिएचर हलवलंच नाही. म्हणे लोकाचं आहे, तुटेल."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. मग बायकोचा आवाज आला, हॉलभर ऐकू जाईल असा.

"मग खरंच हरले असतील, बाई. शेजाऱ्यांची शिडी आणली होती यांनी दिवाळीला, आठवतं? खराब होईल म्हणून तिच्यावर चढलेच नाहीत. स्टुलावर स्टूल ठेवून माळ लावली अन् पडले. आमच्या लग्नात लोकांनी दिलेला डिनर सेट अजून खोक्यात आहे. हा माणूस हरेल, पण लोकाची वस्तू वापरायचा नाही."

हॉल हसला. मी राक्षसाला दोन्ही हातांनी उचलून पेटीत निजवत होतो, त्यामुळं मला हसता आलं नाही.

लेक फळ्याकडं धावली. खडू आयोजकाच्या हातातून जवळजवळ हिसकावून तिनं आपल्या नावापुढं बरोबरची खूण केली, मग तीच पुन्हा गिरवून जाड केली, आणि तिच्याशेजारी उभी राहून उदगीरकराकडून फोटो काढून घेतला. आम्ही चाकूरच्या पुढं येईपर्यंत ग्रुपवर तिचं नाव बदललं होतं. नवीन नाव 'निवडून आलेले'.

"आता जरा जोरात चालवा पप्पा," ती मागून म्हणाली. "हे शिपाई आपलेच आहेत."

पुढं गतिरोधक होता. मी गिअर बदलला.