पांढऱ्या दोऱ्याची गाठ

गाठमास्तरांना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता बहुधा घरातसुद्धा उरलं नसावं. गाड्यांच्या वायरिंगचं त्यांचं काम. वायरला वायर जोडून वर काळी टेप गुंडाळली की इतर वायरमन मोकळे होतात. मास्तरांचं तेवढ्याने भागायचं नाही. उन्हाने टेपचा डिंक सुटतो म्हणून ते टेपवर पांढऱ्या दोऱ्याचे तीन वेढे घ्यायचे आणि वर गाठ मारायचे. दोरा आईच्या शिलाईच्या डब्यातला. बाजूचे गॅरेजवाले विचारायचे, मास्तर, गाडी दुरुस्त करताय की उशी शिवताय? मास्तर ढिम्म. आपला जोड वीस वर्षांनीही ओळखू येतो, याचा त्यांना भलताच तोरा होता.

दुसरा तोरा टेस्ट लॅम्पचा. एका टोकाला सुई, दुसऱ्या टोकाला चिमटा आणि मधे इवलासा बल्ब. वायरला सुई टोचायची, बल्ब लागला तर करंट आहे, नाही तर नाही. गिऱ्हाईक काय सांगतंय याला मास्तरांच्या लेखी काडीची किंमत नव्हती. दिवा लागल्याशिवाय मी सख्ख्या बापावर विश्वास ठेवत नाही, असं ते वडिलांच्या तोंडावर सांगायचे.

एकदाच त्यांनी दिवा न लावता निकाल दिला, आणि तो धाकट्या बहिणीविरुद्ध.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बहिणीच्या गाडीचा हँडब्रेक नीट धरत नसे, म्हणून मेहुणे गाडी अंगणात पहिल्या गिअरमध्ये उभी करायचे. त्या दिवशी ते गाडीपुढे, कुंपणाच्या भिंतीलगत गुडघे टेकून सैल झालेली नंबरप्लेट घट्ट करत होते. अचानक गाडी पुढे उडाली आणि त्यांचा डावा गुडघा बंपर आणि भिंतीच्या मधे सापडला. तीन ऑपरेशनं झाली, तरी पाय पुरता वाकत नाही. बहीण रडत एकच सांगत राहिली. ती गाडीत बसलीच नव्हती. गाडीच्या दाराबाहेर उभी होती. काचा वर करायला आत हात घालून किल्ली फिरवली, ती जरा जास्त फिरली.

हॉस्पिटलच्या बाकावर सगळ्यांच्या माना मास्तरांकडे वळल्या. गाडीतलं कळणारे तेच. आणि मास्तर बोलले, "या गाडीत क्लचच्या पेडलवर स्विच असतो. पेडल तळापर्यंत दाबल्याशिवाय सेल्फ-स्टार्टर लागतच नाही. बाहेर उभं राहून ही गाडी सुरू होणं शक्यच नाही."

झालं. बहीण आत बसली होती, क्लचवरून तिचा पाय सटकला आणि आता ती अंगाशी आलेलं झटकते आहे, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. मेहुणे माणूस वाईट नव्हे. पाय सटकला असता तर मी एका दिवसात विसरलो असतो, खोटं बोलली ते विसरता येत नाही, असं ते मास्तरांना म्हणाले होते. त्या घरात भांडण असं झालं नाही, पण दोघांमधलं बोलणं कामापुरतं उरलं. बहिणीने गाडीला हात लावणं सोडलं. गावाबाहेरच्या शाळेतली तिची नोकरी गाडीवाचून जमेना, तीही सुटली. मास्तरांना वाईट वाटायचं, पण आपण खरं तेच बोललो या समाधानात ते वाईट वाटणं मुरून जायचं.

परवाच्या रविवारी सकाळी मेहुण्यांचा फोन आला. गाडी सुरूच होत नाही. मास्तर पिशवी घेऊन पोचले.

हॉर्न खणखणीत, दिवे लख्ख. किल्ली फिरवली तर मात्र टक् असाही आवाज नाही. मास्तरांनी बॅटरीवरून सेल्फला थेट वायर लावून पाहिली, तो झकास फिरला. म्हणजे बॅटरी ठीक, सेल्फ ठीक. मग टेस्ट लॅम्प घेऊन ते वायरीच्या वाटेवाटेने निघाले. किल्लीपासून करंट सुटत होता, सेल्फपर्यंत पोचत नव्हता. वाटेत संशय घ्यावा अशी एकच जागा उरली, ती क्लचचा स्विच.

साठीच्या माणसाला डॅशबोर्डखाली शिरायचं म्हणजे मान एकीकडे, कंबर तिसरीकडे. मास्तर उताणे सरकले, टॉर्चचा झोत वर टाकला आणि चिडले. स्विच जागेवर होता, पण त्याचा प्लग उपटून लोंबत सोडला होता. प्लगच्या दोन्ही वायरी सोलून मधे लाल वायरचा तुकडा टाकला होता, म्हणजे स्विचला वळसाच. क्लच दाबा नाही तर दाबू नका, गाडी सुरू, आणि गिअरमध्ये असली तर थेट पुढे उडी. त्या तुकड्याचं एक टोक आता हिसक्यांनी तुटलं होतं, म्हणून गाडी बंद.

"कोणत्या गाढवाने हे केलंय?" मास्तर आतूनच ओरडले.

मग त्यांनी न तुटलेल्या टोकाकडे झोत वळवला. काळी टेप. टेपवर पांढरा दोरा. तीन वेढे आणि गाठ.

मास्तर तसेच उताणे पडून राहिले. दोरा मळला होता, पण गाठ जशीच्या तशी होती. चार वर्षांपूर्वी आई इथे लेकीकडे आली असताना तिला श्वास घेता येईना. याच अंगणात हीच गाडी सुरू होईना. स्विच मेला होता. मास्तरांनी पाच मिनिटांत तो तुकडा टाकला, आईला हॉस्पिटलात नेलं. नवा स्विच उद्या बसवतो म्हणाले होते. आई नऊ दिवस जगली. त्यानंतर स्विच कुणाच्या डोक्यात राहणार? गाडी रोज चालत होती, कारण क्लच दाबूनच किल्ली फिरवायची सगळ्यांना सवय. कळायला वावच नव्हता. आणि अपघातानंतर, जगात कुणावर विश्वास न ठेवणाऱ्या या माणसाने पेडलखाली डोकावूनही पाहिलं नव्हतं.

त्यांनी तुकडा तोडून खिशात घातला. आता नवा स्विच बसवला की कुणाला कधीच कळणार नव्हतं. मेहुण्यांचा गुडघा आपण फोडला, हे त्यांच्या दारात उभं राहून सांगायचं? बाहेर बहिणीची पावलं वाजली. ती चहा ठेवून, गाडीपासून हातभर लांबूनच परत निघाली होती.

"थांब," मास्तर म्हणाले. "दाजींना बोलव."

त्यांनी तुकडा दोघांपुढे धरला आणि सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. मेहुणे ऐकत राहिले, मग त्यांनी तो तुकडा हातात घेतला, दोऱ्याच्या गाठीवरून अंगठा फिरवला.

बहीण म्हणाली, "दादा, तो तुकडा परत जोड."

"कशाला?"

"जोड."

मास्तरांनी जोडला. दोन वायरी पिळायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. तिघांनी मिळून गाडी मागे ढकलली, भिंत चांगली पाच-सहा पावलं लांब ठेवली. बहिणीने मेहुण्यांना पायरीवर नेऊन उभं केलं, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि बाहेर आली. दार उघडं ठेवून ती त्या दिवशीच्या जागी उभी राहिली. दोन्ही पाय फरशीवर. फक्त हात आत गेला.

गाडीने हिसका देऊन पुढे उडी घेतली आणि बंद पडली. दाराचा फटका तिच्या दंडाला लागला.

मेहुणे पायरीवरून म्हणाले, "तू बाहेरच होतीस."

ती त्यांच्याकडे वळली नाही. दंड चोळत मास्तरांना म्हणाली, "दादा, तू सांगितलंस म्हणून मलासुद्धा ते खरं वाटायला लागलं होतं. झोपेत मला पायाखाली पेडल लागायचं. मी रोज आठवायचे, मी आत कधी बसले."

मास्तरांना तिच्याकडे बघवेना. ते पुन्हा डॅशबोर्डखाली शिरले, लाल तुकडा काढला आणि नव्या स्विचसाठी दोन्ही वायरी साफ करत बराच वेळ आतच राहिले.