मास्तरांचा बारावा राजीनामा

कटिंग मास्तरांनी सव्वीस वर्षांत अकरा वेळा राजीनामा दिला होता आणि त्यातला एकही कागदावर नव्हता. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात त्याची एक ठरलेली रीत होती. डोकं फिरलं की मास्तर गळ्यातली टेप काढायचे, मालकांच्या टेबलावर आपटायचे, "सांभाळा तुमचा कारखाना, मी चाललो!" म्हणायचे आणि तरातरा घरी जायचे. दुसऱ्या दिवशी साडेआठच्या ठोक्याला हजर. तोवर म्हाताऱ्या मालकांनी टेप गुपचूप कटिंगच्या टेबलावर आणून ठेवलेली असायची. दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. शिलाईवरच्या बायका मात्र प्रत्येक राजीनामा मोजून होत्या.

बाराव्या वेळी घोटाळा झाला, कारण म्हातारे मालक पाच महिन्यांपूर्वी वारले होते आणि त्यांच्या खुर्चीत त्यांची मुलगी बसली होती. सगळे तिला ताई म्हणत. ताई हुशार होती, पण मास्तरांच्या नाकावर बसलेल्या रागाशी तिची अजून ओळख व्हायची होती. तिने पँटच्या पायाला दुमड कमी ठेवायला सांगितली.

"अहो ताई, पोरं वर्षात वीतभर वाढतात. उसवून लांब करायला आत कापड नको?" मास्तर म्हणाले.

"दुसरे कारखाने कुठे ठेवतात?" ताई म्हणाली.

दुसरे कारखाने! झालं. शब्दाने शब्द वाढला, टेप टेबलावर आपटली, ठरलेलं वाक्य झालं आणि मास्तर निघाले.

दुसऱ्या दिवशी ते आले. फाटकावरच्या वॉचमनने नेहमीप्रमाणे वहीत त्यांचं नाव लिहिलं. कटिंगच्या टेबलावर टेप नव्हती, ताई मात्र उभी होती.

"काल तुम्ही राजीनामा दिलात, मास्तर. मी तो मंजूर केलाय. तसं पत्र घरी येईल."

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. मी हे असंच म्हणत असतो, हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं. पण साठीकडे झुकलेल्या माणसाने असलं काही तिशीतल्या पोरीला सांगायचं कसं? ते मुकाट्याने माघारी फिरले.

घरी मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. तीन दिवस ते डबा घेऊन वेळेवर निघत, बागेतल्या बाकावर बसत आणि दुपारी घास घशाखाली उतरत नसला तरी डबा रिकामा करत, कारण भरलेला डबा परत नेला असता तर बायकोने ओळखलं असतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, "आज कसं काय होतं काम?"

"नेहमीसारखंच."

"हो का? मग हे पत्र काय वाढदिवसाचं आलंय?"

मास्तर मटकन खाली बसले. "माझ्याच तोंडाने सोडतो म्हणालो गं. आता कुठल्या तोंडाने परत जाऊ? कायद्याने संपलं सगळं."

"कायदा तुम्ही कधी वाचलात?" बायको म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्यांना जवळजवळ ओढतच कामगार सल्ला केंद्रात नेलं.

तिथल्या वकीलबाईंनी पत्र वाचलं आणि चष्म्यावरून मास्तरांकडे पाहिलं. राजीनामा लिहून दिलात? नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेलात? गेलो, वॉचमनच्या वहीत आहे. तुमचं म्हणणं कोणी ऐकून घेतलं? नाही.

"मग हा राजीनामाच नाही," वकीलबाई म्हणाल्या. "तुमच्या कारखान्याचे नोकरीचे नियम आहेत. ते भिंतीवर लावावेच लागतात. त्यात राजीनामा लेखीच हवा असं असणार. कधी पाहिलेत?"

मास्तर ओशाळले. कटिंगच्या टेबलामागे त्या नियमांची एक जुनी चौकट होती खरी. तिच्या खिळ्याला ते सव्वीस वर्षं आपला सदरा अडकवत आले होते. चौकट सदऱ्याखाली आणि सदरा मास्तरांचा, त्यामुळे कारखान्यात इतर कोणीही ते नियम वाचलेले नव्हते.

बायको आधी हसली आणि मग पदराने डोळे पुसत राहिली. मास्तरांना पाच दिवसांनी पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला.

वकीलबाईंचं पत्र गेलं आणि तिसऱ्या दिवशी ताईने सगळ्यांना बोलावलं. मास्तर, त्यांची बायको आणि वकीलबाई कार्यालयात शिरले तेव्हा ताईच्या पुढ्यात तीच चौकट होती, काच पुसलेली.

"चूक माझी आहे," ताई म्हणाली. "नियम न वाचता, तुमचं न ऐकता मी पत्र धाडलं. ते मी मागे घेतेय." मग तिचा आवाज खाली आला. "पण खरं सांगू, मास्तर? बाबा गेल्यापासून मला रोज वाटायचं, आज कोणीतरी सोडून जाणार. तुम्ही टेप आपटलीत, मला वाटलं, झाली सुरुवात. थांबा म्हणावंसं वाटलं होतं. पण एवढ्या जुन्या माणसाने तोंडावर नाही म्हटलं असतं, तर मी बाकीच्यांना कशी सामोरी गेले असते?"

हे मास्तरांच्या ध्यानीमनी नव्हतं. आपल्यालाच कोणी थांबा म्हणत नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात घोळत होतं.

"मास्तर, आता तुमचं म्हणणं सांगा," वकीलबाई म्हणाल्या. "स्पष्ट सांगा, म्हणजे मला लिहून घेता येईल."

मास्तरांनी टेबलाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, घसा दोनदा खाकरला. मी चाललो, हे ते बारा वेळा न अडखळता बोलले होते. आता मात्र शब्द काही केल्या फुटेना.

"मला काम सोडायचं नाही, ताई," ते शेवटी म्हणाले. "कधीच सोडायचं नव्हतं."

वकीलबाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. ताईचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. "मग उद्या सकाळी या," ती म्हणाली.

"उद्या कशाला?" मास्तर उठले. "अजून अर्धा दिवस बाकी आहे."