अक्कांची तंबूतली दवंडी

आमच्याकडं बार म्हणजे परमिट रूम. काळ्या काचा, दारात आडव्यातिडव्या लावलेल्या मोटारसायकली, आणि बाईमाणसानं समोरून जाताना चाल वाढवायची. त्यामुळं लेक म्हणाली, "आई, नगरला नवा कॉकटेल बार झालाय, आज संध्याकाळी आपण तिघी जाऊ," तेव्हा मी इतकी दचकले की तिसरी कोण हे विचारायचंही राहिलं.

तिसरी म्हणजे माझी थोरली जाऊ. मी त्यांना अक्का म्हणते. त्या कोल्हारला असतात, शेती आणि गाई त्यांच्याच शब्दावर चालतात. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या आमच्याकडं भिंगारला येऊन राहिल्या होत्या. हिरवा चष्मा नुकताच निघाला होता आणि घरातल्या प्रत्येक वस्तूकडं त्या नव्यानं बघत होत्या. "तुझं केस इतकं पांढरं झाल्यात? मला दिसलंच न्हाई कदी," हे मला सकाळीच ऐकवून झालं होतं.

लेक पुण्याला नोकरी करते, शनिवार-रविवारी येते. तिनं अक्कांपासून काही लपवलं नाही. "मोठी आई, तिथं दारू मिळते. पण साधी सरबतंही असतात. जुन्या टुरिंग टॉकीजच्या तंबूसारखं सजवलंय म्हणे."

"तंबू?" अक्का उठून बसल्या. "मंग बघाया पायजे."

आम्ही निघालो तेव्हा आमचे हे टीव्हीसमोर होते. "कुठं निघालात, वहिनी?" त्यांनी विचारलं.

"बारमधी," अक्का म्हणाल्या. हे मनापासून हसले. त्यांना ती चेष्टाच वाटली.

आत पाऊल टाकलं आणि मला क्षणभर जत्रेत आल्यासारखं झालं. छताला खाकी कापडाचे पट्टे, काथ्यानं बांधलेले बांबू, पिवळ्या बल्बांच्या माळा. एका कोपऱ्यात भलामोठा जुना प्रोजेक्टर. समोरच्या पांढऱ्या पडद्यावर कुठलीतरी काळीपांढरी माणसं आवाजाशिवाय पळत होती. मधोमध एक कनात, तिच्या एका बाजूला 'स्त्रिया' आणि दुसऱ्या बाजूला 'पुरुष' अशा रंगवलेल्या पाट्या. बसायचं मात्र कुणीही कुठंही. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली पोरं, एक-दोन जोडपी, आणि कुणाच्या तरी वाढदिवसाला जमलेला मोठा घोळका. आमच्या नऊवारीकडं दोघातिघांनी वळून बघितलं. अक्कांनी त्यांच्याकडं त्याहून निरखून बघितलं.

काउंटरमागं काळा एप्रन घातलेली एक तरुणी स्टीलचा उभा डबा दोन्ही हातांनी खुळखुळवत होती.

"ती काय घुसळती गं?" अक्कांनी मोठ्यानं विचारलं.

तीच हसत आमच्या टेबलाशी आली. "आजी, बर्फ आणि दारू. तुम्हाला चिंचगुळाचं करून देते, दारूशिवाय."

"तुझ्या घरी ठावं हाय का, तू हितं काम करती?"

"व्हय की. संगमनेरला आई सगळ्यांना सांगती, माझी पोरगी सरबतात मास्टर झाली."

अक्कांना ती तिथल्या तिथं आवडली.

लेकीनं कोकम घातलेली जिन मागवली. मी सरबतांवरून बराच वेळ बोट फिरवलं आणि शेवटी 'मध्यंतर' नावाचं कॉकटेल मागवलं. त्यात रम, गुळाचा पाक, आलं आणि लिंबू होतं. पहिला घोट सर्दीच्या काढ्यासारखा लागला. दुसऱ्या घोटाला मला सर्दी आवडायला लागली.

मेन्यूचं कार्ड नव्हतंच. गुलाबी पातळ कागदावर, जाड ठळक अक्षरांत छापलेलं हँडबिल होतं. अक्कांनी ते हातात घेतलं, नव्या डोळ्याजवळ नेलं, मग बोटांनी चुरगाळून बघितलं.

"असलीच हुती," त्या म्हणाल्या. "मी उडवायची."

"काय उडवायच्या तुम्ही?"

"हँडबिलं. बैलगाडीतनं."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या माहेरी जत्रेला टुरिंग टॉकीज यायची. सिनेमाची दवंडी द्यायला मालक त्यांच्या वडिलांची बैलगाडी लावायचा. दोन्ही बाजूंना रंगीत बोर्ड, वर कर्णा, आणि आत माईक घेऊन बसलेला माणूस. लहानगी अक्का मागं बसून हँडबिलं उधळायची. एका वर्षी त्या माणसाचा घसा पार बसला, शब्द फुटेना. गाडी चौकात उभी, माणसं जमलेली. पोरीला सगळं पाठ होतं. तिनं माईक ओढून घेतला.

"आईनं रानात आवाज ऐकला. खुरपं टाकून पळत आली. मला वाटलं आता पाठ सोलती. तर ती गाडीम्होरं हुबी ऱ्हाऊन नुसती बघतच बसली. मंग सगळी जत्रा मीच बोलले."

"मोठी आई!" लेक ओरडलीच. "हे तू कधीच का नाही सांगितलंस?"

"सासरी कुनाला सांगू? नव्या सुनेचा आवाज वसरीपातूर गेला तरी सासरे खाकरायचे. पुढं पोरं, गुरं, रान. राहून गेलं."

मी इतकी वर्षं सणावाराला कोल्हारला अक्कांच्या शेजारी बसून भाकरी थापल्या होत्या. त्यांचा आवाज मला गोठ्यात गाईला हाका मारण्यापुरता माहीत होता.

ती संगमनेरची पोरगी पेले ठेवता ठेवता ऐकत उभी राहिली होती. तिनं खांबावरच्या कर्ण्याकडं बोट दाखवलं. "आजी, तो चालतो. शुक्रवारी गाणी असतात, तेव्हा लावतो. बोलता का?"

"छ्या! येडी का काय!" अक्कांनी पदरानं तोंड पुसलं. चिंचगुळाचा एक मोठा घोट घेतला. मग पदर खोचला आणि उठल्या.

माईक हातात आल्यावर त्यांनी आधी त्यावर टिचकी मारली. आणि मग जो आवाज आला, तो माझ्या ओळखीचा नव्हता. खणखणीत, प्रत्येक शब्दाचं शेपूट लांबवणारा.

"ऐकाऽ हो ऐकाऽ! भव्य तंबूत, भव्य पडद्यावर, आज संध्याकाळी पहिलाऽ खेळ! भरपूर हानामारी, भरपूर गानी, आनि सासूला सुनेचा कळवळा आननारा शेवट! बायकांची बसायची सवतंत्र सोय! लेकराला घेऊन या, रडलं तर भायेर न्या!"

सगळा बार वळून बघायला लागला. मग वाढदिवसाच्या घोळक्यातला एक जण ओरडला, "आजी, तिकीट केवढ्याला?"

"जमीन सस्ती, खुर्ची म्हाग!" अक्कांनी लगेच सुनावलं. "तुमच्या पँटीची भोकं बघता तुमी जमिनीवरच बसा!"

शिट्ट्या, टाळ्या, टेबलं बडवणं. तो पोरगा खरंच मांडी घालून खाली बसला, त्याच्या शेजारी त्याचे मित्र. "पुन्हा, आजी, पुन्हा!" अक्कांनी पुन्हा म्हटलं. या खेपेला मध्येच त्यांनी मला कॉकटेलसकट दाखवत पुकारलं, "आनि ही बघा, माझी धाकटी जाऊ, मध्यंतर पिऊन लाल झाल्याली!" मी तोंड लपवून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. लेक फोननं शूटिंग करत होती, पण तिचा हात हसण्यानं इतका हलत होता की नंतर बघितलं तर त्यात निम्मं छतच आलंय.

वाढदिवसाचा केक कापला तेव्हा पहिला तुकडा अक्कांना भरवला गेला. काउंटरवरच्या पोरीनं दर शनिवारी यायचं आमंत्रण दिलं. "गाईला काय सांगू, बारात चालले?" अक्का म्हणाल्या, पण नकार असा दिला नाही.

परतताना गाडी चालवायला लेकीनं ड्रायव्हर बोलावला होता. खिडकी उघडी ठेवून अक्का सगळ्या वाटेनं बोलत होत्या. कुठल्या गावात कोणत्या पारापाशी गाडी थांबायची, बैल कुठं बुजला, हँडबिलांसाठी पोरं धुळीत कशी लोळायची. भिंगार आलं, आमचं फाटक आलं. ह्यांनी दार उघडून बाहेर डोकावलं. कुणी खाली उतरेना. ड्रायव्हरनं गाडी बंद केली आणि तोही मागं वळून ऐकत बसला.